ट्यूब लावली की बरं, सोडली की दुप्पट

प्रश्न : डॉक्टर, वय 34, लग्न झालेलं आहे. धायरी ते हिंजवडी रोज टू-व्हीलरवर, येऊन-जाऊन तीन तास सहज जातात. पावसाळा सुरू झाल्यापासून जांघेत खाज होती, आता लिंगाच्या टोकाला पण आग होते, पुढची कातडी लाल झालीय आणि तिला बारीक चिरा पडल्यात. मेडिकलमधून ट्यूब आणली, चार दिवस एकदम मस्त, बंद केली की परत दुप्पट. आंघोळीच्या पाण्यात अँटिसेप्टिक पण टाकतो. गुप्तरोग तर नाही ना? बायकोला सांगायची लाज वाटते.

उत्तर : अहो, ते अँटिसेप्टिक आजपासून बंद. तिथली कातडी पापणीसारखी पातळ असते, त्याने भाजल्यासारखी होते आणि मग माणूस अजून जोरात धुतो. साबणही नको, साधं कोमट पाणी पुरे.

आता ती ट्यूब. खोक्यावर बारीक अक्षरात क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलंय का बघा, असलं तर ते स्टेरॉइड. ते खाज दाबतं पण बुरशीला रान मोकळं करून देतं, म्हणून चार दिवस मस्त आणि मग दुप्पट, आणि महिनोन्‌महिने लावलं तर जांघेत कातडी पातळ होऊन कायमचे पट्टे उमटतात. ही ट्यूब कोणी चिठ्ठीशिवाय मागतो आणि कोणी देतो, मला दोघांचाही राग येतो. बंद केल्यावर थोडे दिवस खाज वाढेल, तेवढी सोसा.

मला वाटतं तुम्हाला दोन वेगळ्या गोष्टी झाल्यात. जांघेतलं बहुतेक गजकर्ण, कडेने लाल आणि मधे जरा साफ, ते सहसा अंडकोषावर चढत नाही. टोकाचं मात्र कँडिडा नावाच्या बुरशीचं वाटतं, दह्यासारखा पांढरा थर येतो का बघा. आणि चिरा पडल्यात म्हणता म्हणून सांगतो, उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) करून घ्या, कितीतरी जणांचा डायबेटिस असाच पहिल्यांदा सापडतो. डायबेटिसची डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल तर तेही सांगा, तिच्यामुळे लघवीत साखर उतरते आणि बुरशीला खाऊ मिळतो.

टोकाला 1 टक्का क्लोट्रिमाझोल, म्हणजे बुरशीवरचं मलम, दिवसातून 2 वेळा, एक-दोन आठवडे. कातडी मागे घेऊन धुवायचं, कोरडं करायचं, परत पुढे आणायची, मागे जात नसेल तर ओढाताण नको. जांघेतही हेच मलम लावा, आणि तिथलं दिसेनासं झालं तरी अजून 2 आठवडे चालू ठेवा, सगळे इथेच चुकतात. जीन्सऐवजी सैल कॉटन पँट, टॉवेल वेगळा, आणि बाथरूमच्या दोरीवर दमट राहिलेली अंडरवेअर इस्त्री फिरवल्याशिवाय घालू नका.

रात्री जास्त खाज, अंडकोषावर गाठी आणि घरात अजून कुणी खाजवतंय, तर ती खरूज, मग औषध अख्ख्या घराला. पाण्याचे फोड, जखम (दुखो वा न दुखो) किंवा पू दिसला, किंवा बाहेर संबंध आला असेल, तर गुप्तरोगाची तपासणी, ससूनच्या त्वचा ओपीडीत किंवा सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये कोणी नाव ठेवत नाही. बायकोला मात्र सांगाच, बुरशी बाहेर न जाताही होते, आणि तिलाही खाज असेल तर दोघांचं औषध एकदम चालू करावं लागतं. 2 आठवड्यांत फरक नाही पडला तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, आणि जाताना ट्यूबचं खोकं खिशात टाका.