मूठ बघा, मग पातं: जुन्या हत्यारांबद्दल तुमचे प्रश्न

शिवकाळातल्या हत्यारांवर बरेच प्रश्न आलेत आणि जवळजवळ सगळे पात्याबद्दल आहेत, पण हत्यार कसं चालायचं हे पात्यापेक्षा मूठ जास्त सांगते, त्यामुळे मी फिरून फिरून मुठीवरच येणार.

सर, तलवार खरंच वीस-पंचवीस किलोची असायची का? व्हॉट्सॲपवर तर चाळीस किलो लिहिलंय.

नाही, अजिबात नाही. लढाईतली एका हाताची तलवार किलोच्या आसपास भरते, फार तर सव्वा-दीड, म्हणजे क्रिकेटच्या बॅटएवढी. वीस किलोचं लोखंड एकदा फिरवलं की ते आवरता येत नाही आणि तेवढ्यात समोरच्याचा वार बसतो. अवजड तलवारी काही ठिकाणी दिसतात, त्या मिरवायला नाहीतर मेहनतीला केलेल्या. असली वजनं फॉरवर्ड करून मावळ्यांचा मोठेपणा वाढत नाही हो, उलट त्यांचं कसब झाकलं जातं, आणि ते कसबच तर खरं बघण्यासारखं आहे.

म्युझियममधल्या तलवारींच्या मुठी एवढ्या लहान का? तेव्हाच्या लोकांचे हात लहान होते का?

हात आपल्यासारखेच होते, मूठ मुद्दाम तशी केलेली आहे. वर जी गोल चकती असते ती गादी आणि पुढे बोटं वाचवणारी परज, या दोघींच्या मध्ये पंजा अगदी घट्ट बसतो आणि मनगट फार वाकत नाही. मनगट बांधलं गेलं की वार खांद्यातून येतो, आणि पातं वाकडं असल्यामुळे वार लागताच हात मागे ओढायचा म्हणजे धार सरकत कापत जाते. सिनेमात तलवारीवर तलवार खणाखणा आपटतात तसं करून धार घालवायची कुणाची तयारी नसायची, समोरचा वार शक्यतो ढालीवर घ्यायचा, आणि ढाल गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याची, हलकी आणि चिवट.

दांडपट्टा कमरेला गुंडाळून नेता यायचा म्हणतात, खरं आहे का?

कमरेला गुंडाळतात ती केरळची उरुमी, पट्टीसारखी लवचिक तलवार, लोक या दोघांची सारखी गल्लत करतात. पट्ट्याचं पातं लवचिक असतं पण सरळ, दुधारी आणि साधारण मीटरभर लांब, आणि त्याची मूठ म्हणजे कोपराकडे जाणारा लोखंडी हातमोजाच, ज्याच्या आत एक आडवी दांडी असते ती मुठीत धरायची आणि वरची पट्टी हाताला अडकवायची. आता यात मनगट पूर्णच बंद झालं, म्हणजे पातं हाताचीच लांबी झाली, म्हणून पट्टेकरी मनगटाने काहीच करत नाही, तो कोपर, खांदा, कंबर आणि पाय यांच्यावर फिरतो, सतत फिरतो, कारण थांबला की एवढं लांब पातं परत वेगात आणायला वेळ जातो. म्हणूनच चार-पाच जण अंगावर आले तर एकट्याने जागा मोकळी ठेवायला याच्यासारखं हत्यार नाही, पण अगदी अंगाला अंग भिडलं तर मात्र पट्टा अडचणीचा होतो. दुसऱ्या हातात ढाल किंवा दुसरा पट्टा. 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाखाली जिवा महालाने अफझलखानाचा पट्टेकरी सय्यद बंडा याचा महाराजांवर वार करायला उचललेला हात तोडला, "होता जिवा म्हणून वाचला शिवा" ही म्हण तिथलीच. 2024 मध्ये सरकारने दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर केला ते फार चांगलं झालं, पण तो खरा समजून घ्यायचा तर कोल्हापुरात मर्दानी खेळाच्या आखाड्यात जाऊन जमिनीवर ठेवलेलं लिंबू कापताना बघा, आणि पात्याकडे नाही, पायांकडे बघा.

चिलखत घातलेल्या माणसाला मारायचे कसे?

कड्यांच्या चिलखतावर तलवारीने कापायला गेलात तर वार फुकट जातो. तिथे कट्यार. तिला आडव्या दांड्यांची मूठ, म्हणजे बुक्का मारतो तसंच मारायचं आणि अख्ख्या हाताचा जोर सरळ टोकात उतरतो. बऱ्याच कट्यारींचं टोक मुद्दाम जाड केलेलं असतं, ते कड्यांत घुसून त्यांना फाकवतं. तंजावरकडच्या कितीतरी कट्यारींना युरोपियन तलवारींची पाती कापून बसवलेली दिसतात, चांगलं पोलाद कुणी टाकून देत नव्हतं.

युरोपातल्या नाइट लोकांची दोन हातांची तलवार आपल्यापेक्षा भारी होती का?

भारी-हलकी अशी तुलना मला पटत नाही, प्रत्येक हत्यार समोरच्याच्या चिलखताला उत्तर असतं. पंधराव्या शतकात तिकडे अंगभर पत्र्याचं चिलखत आलं, मग लांब तलवारवाले एक हात पात्यावर धरून टोक काखेत नाहीतर सांध्यात खुपसायचे, कधी तलवार उलटी धरून मुठीनेच डोक्यात हाणायचे. आपल्याकडे उष्णता, घोडदौड आणि कड्यांचं चिलखत, त्यामुळे गणितच वेगळं. पण तिकडची सरळ पाती इकडे भरपूर आली, आपल्या लोकांनी त्यांना आपल्या मुठी बसवल्या आणि त्या झाल्या फिरंगी. त्यातल्या काही मुठींना मागे गज असतो, जोराचा वार करताना दुसरा हात त्याच्यावर टाकायला.

साताऱ्यात आलेली वाघनखं महाराजांचीच आहेत का?

ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने 2024 मध्ये ठरावीक मुदतीसाठी दिली, साताऱ्यात इंग्रजांचा अधिकारी असलेल्या ग्रँट डफच्या घराण्याकडून तिथे गेलेली. अफझलखानावर वापरलेली तीच, याचा पुरावा नाही असं ते म्युझियम स्वतःच सांगतं. जरूर बघा, पण बघताना अंगठ्या बघा, दोन बोटांत अंगठ्या आणि नखं तळहाताकडे, म्हणजे मूठ मिटली की समोरच्याला फक्त दोन अंगठ्याच दिसतात.

विटा म्हणजे भालाच ना?

भाल्याचाच भाऊ, पण आखूड आणि मागच्या टोकाला दोरी, जी मनगटाला बांधलेली. फेकायचा, लागला की दोरीने परत ओढायचा आणि पुन्हा फेकायचा. भाला एकदा हातातून सुटला की गेला, विटेकरी मात्र रिकाम्या हाताने उभा राहत नाही.