मंत्रालय कव्हर करायला लागलायस तर

मंत्र्याच्या केबिनमधला चहा जरूर घे, पण बातमीसाठी त्याच्यावर विसंबू नकोस. खरा माल जीआर (शासन निर्णय), कॅगचे म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे अहवाल आणि कक्ष अधिकाऱ्यांकडे असतो. उरलेलं माहिती अधिकारात माग. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. (देतातच असं नाही, मग अपील.) 1981 मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'ने मुख्यमंत्री अंतुल्यांचं सिमेंट प्रकरण (ट्रस्टला देणग्या घेऊन सिमेंटचे कोटे दिल्याचं) कागदांवर उभं केलं; जानेवारी 1982 मध्ये त्यांचं मुख्यमंत्रिपद गेलं. कुणाच्या विरोधात छापणार असशील तर त्याची बाजू आधी लेखी माग, म्हणजे 'मला विचारलंच नाही' म्हणता येत नाही. 'ऑफ द रेकॉर्ड' म्हणजे छापायचं नाही असं काय, हे बोलणं सुरू होण्याआधीच ठरव. बातमी लागल्यावर मंत्र्याचा पीए काही दिवस फोन उचलणार नाही. नंतर उचलेल, त्यालाही बातम्या पेरायच्या असतातच.