'व्यवस्थापक', 'क्रीडा संचालक' आणि फळ्यावरचा एक विषय

ब्रह्मपुरी तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या वाचकांनी विचारले आहे, "वादविवाद स्पर्धेसाठी आम्ही 'फुटबॉल क्लबांनी व्यवस्थापकाच्या जोडीला क्रीडा संचालक नेमावा का?' असा विषय फळ्यावर लिहिला. तो वाचून बऱ्याच मुलांची समजूत झाली, की महाविद्यालयातले शारीरिक शिक्षणाचे रिकामे पद भरावे की नाही, यावर हा वाद आहे. आमचे शब्द चुकले का, आणि चुकले असल्यास योग्य शब्द कोणते?"

कोशाप्रमाणे पाहिले तर दोन्ही शब्द बरोबर आहेत. तरीही मुलांना जो अर्थ लागला तोच आपल्या भागात रूढ असल्यामुळे, मी मुलांच्या बाजूने उभा राहीन. महाविद्यालयाच्या जिमखान्याच्या दारावर 'क्रीडा संचालक' अशी पाटी असते. त्या दारामागे बसणाऱ्या गृहस्थांकडे व्हॉलीबॉलच्या जाळ्याची आणि भालाफेकीच्या भाल्यांची किल्ली असते, आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नाव घालायचे असेल तर मुले त्यांनाच गाठतात. नुसते 'संचालक' म्हटले, तर सेवा सहकारी संस्थेचे किंवा बाजार समितीचे संचालक डोळ्यांपुढे येतात. ते अनेकांपैकी एक असतात आणि मतदानाने निवडून येतात. त्यामुळे 'संचालक नेमावा' हे शब्द शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाच्या कानाला खटकणारच.

'व्यवस्थापक' या शब्दाची अडचण याहून मोठी आहे. जिल्ह्याचा कबड्डी संघ राज्य स्पर्धेला निघतो तेव्हा वर्तमानपत्रातल्या यादीखाली प्रशिक्षक आणि व्यवस्थापक अशी दोन नावे छापलेली असतात. प्रशिक्षक डावपेच सांगतो, आणि रेल्वेची तिकिटे, मुक्काम, जेवण व मुलांची ओळखपत्रे सांभाळतो तो व्यवस्थापक. क्रिकेटमधला संघ व्यवस्थापकही साधारण हेच काम करतो. इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबचा मॅनेजर मात्र सराव घेतो, सामन्यासाठी अकरा जण निवडतो, खेळ चालू असताना कोणाला बदलायचे ते ठरवतो, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे कोणता खेळाडू विकत घ्यायचा व कोणता विकायचा, यावरही शेवटचा शब्द त्याचाच असे. अलेक्स फर्ग्युसन 1986 ते 2013 या काळात मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर होते आणि त्यांच्या कारकिर्दीत क्लबने 38 चषक जिंकले. त्यांना 'व्यवस्थापक' म्हटले, तर कबड्डीची यादी वाचणाऱ्या आपल्या वाचकाला त्यांचे अर्धेही काम कळणार नाही.

मूळ शब्दातली प्रतिमा आपल्याला परकी नाही. 'मॅनेज' हे क्रियापद इटालियनमधून आले. तिथे 'मानो' म्हणजे हात, आणि घोड्याला हाताखाली वळण लावणे असा त्या क्रियापदाचा जुना अर्थ होता. म्हणजे आपल्या शंकरपटात, बैलजोड्यांच्या शर्यतीत, जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याशी त्याचे नाते जुळते. पुढचा प्रश्नही पटावरच चांगला समजतो. बैलाचे दात पाहून, त्याची चाल पाहून, बाजारात त्याच्यावर पैसा लावणारा आणि पटाच्या दिवशी कासरा हाती धरणारा हे दोघे एकच असावेत, की वेगवेगळे? इंग्लंडने दीर्घकाळ एकच माणूस पुरे मानला. स्पेन, इटली, जर्मनी या देशांत ही कामे बहुधा दोघांत वाटलेली असतात. सराव घेणारा तो प्रशिक्षक, आणि खेळाडू शोधून त्यांचे करार करणारा तो स्पोर्टिंग डायरेक्टर, म्हणजेच आपल्या फळ्यावरचा 'क्रीडा संचालक'.

या दुसऱ्या पदाचे काम समजावून घ्यायचे असेल, तर स्पेनमधल्या सेव्हिया क्लबचे मोंची पाहावेत. ते त्याच क्लबचे गोलरक्षक होते. 2000 मध्ये क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरलेला असताना त्यांनी हे पद घेतले आणि 2017 पर्यंत सांभाळले. ब्राझीलमधून कोवळ्या वयात आणलेला दानी आल्वेस पुढे 2008 मध्ये बार्सिलोनाला मोठ्या किमतीत विकला गेला, आणि असे विकून आलेल्या पैशातून क्लब पुन्हा उभा राहत गेला. मोंची यांच्या काळात प्रशिक्षक बदलत राहिले, तरी सेव्हियाने 2006 ते 2016 या अवधीत युएफा चषक व त्याचेच पुढचे रूप असलेली युरोपा लीग मिळून पाच वेळा जिंकली. प्रशिक्षक गेला तरी संघबांधणीचा धागा तुटू नये, हे या पदाचे मुख्य प्रयोजन आहे.

शब्द संदिग्ध राहिला तर किती नुकसान होते, याचे उदाहरण इंग्लंडमधल्या न्यूकॅसल क्लबचे आहे, आणि ते मुलांना अवश्य सांगावे. केविन कीगन 2008 च्या जानेवारीत तिथे मॅनेजर म्हणून परतले. त्यानंतर क्लबने डेनिस वाइज यांना फुटबॉलचे कार्यकारी संचालक नेमले. कोणता खेळाडू घ्यायचा याचा अंतिम निर्णय आपलाच, असे कीगन धरून चालले होते. ऑगस्टच्या अखेरीस इग्नासिओ गोन्झालेस नावाचा खेळाडू त्यांचा विरोध असताना उसनवार घेण्यात आला. त्यांनी त्याला कधी खेळताना पाहिलेले नव्हते आणि यूट्यूबवर पाहा, असे त्यांना सांगण्यात आले होते. सप्टेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. 2009 मध्ये लवादाने त्यांच्या बाजूने निर्णय देऊन क्लबला 20 लाख पौंडांची भरपाई द्यायला लावली. मॅनेजर या शब्दात कोणता अधिकार येतो, यावर हा सगळा तंटा उभा होता. क्लबने दुसरा माणूस आणताना पहिल्याच्या पदाचा अर्थ ठरवून घेतला नाही, ही चूक मला नेमणुकीपेक्षाही गंभीर वाटते.

तिथले क्लब आता नावांबाबत काटेकोर झाले आहेत. आर्सेनलने मिकेल आर्तेता यांना 2019 च्या डिसेंबरात मुख्य प्रशिक्षक म्हणून आणले आणि 2020 च्या सप्टेंबरात त्यांचे पदनाम बदलून मॅनेजर केले. लिव्हरपूलमध्ये याच्या उलट झाले. युर्गन क्लॉप मॅनेजर होते, तर 2024 मध्ये त्यांच्या जागी आलेले आर्ने स्लॉट मुख्य प्रशिक्षक म्हणून आले. म्हणून मराठीतही या दोन पदनामांना एकच प्रतिशब्द वापरू नये.

आता पर्याय. 'स्पोर्टिंग' या विशेषणाचा इंग्रजीत 'खिलाडूवृत्तीचा' असाही अर्थ असला, तरी येथे ते स्पॅनिश 'देपोर्तिवो' व इटालियन 'स्पोर्तिवो' यांच्या वळणाने आले असून 'खेळाच्या बाजूचा' एवढाच त्याचा आशय आहे. म्हणजे तिकीटविक्री, जाहिरात आणि हिशेब सोडून उरलेली बाजू. 'दिग्दर्शक' हा शब्द मात्र कटाक्षाने टाळावा. वडसा येथे झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांची कार्यालये आहेत आणि हंगामापूर्वी तिथे कलावंतांचे करार होतात, हे आपल्या मुलांना ठाऊक असते. कलावंत जमवणारा निर्माता, आणि तालमी घेऊन नाटक उभे करणारा दिग्दर्शक. फुटबॉलमधला 'डायरेक्टर' निर्मात्याच्या जागी असतो आणि प्रशिक्षक दिग्दर्शकाच्या, म्हणजे शब्दशः भाषांतर केल्यास अर्थ नेमका उलटा होतो.

माझी शिफारस अशी, की 'मॅनेजर' हा शब्द जसाच्या तसा ठेवावा. बँकेमुळे तो प्रत्येक गावात पोचलेला आहे आणि एका वाक्याच्या खुलाशाने फुटबॉलचा अर्थ सहज घेतो. 'स्पोर्टिंग डायरेक्टर'साठी 'संघबांधणी प्रमुख' असे म्हणावे. 'संघबांधणी' हा शब्द क्रीडावृत्तांत आधीच रुळलेला आहे, आणि 'प्रमुख' नेमता येतो, त्याला निवडून यावे लागत नाही.

आपल्या वाक्यातला 'जोडीला' हा शब्द मला फार आवडला. 'हाताखाली' किंवा 'वर' असे न म्हणता आपण दोघांना एका जुवाखाली आणलेत, आणि खरा वाद नेमका तिथेच आहे. 'नेमावा का' हेही योग्य आहे, कारण येथे सक्ती नसून उचित काय ते विचारलेले आहे.

प्रश्नाचे माझे उत्तर होकारार्थी आहे. लिव्हरपूलने 2016 मध्ये मायकेल एडवर्ड्स यांना हे पद दिले. 2017 मध्ये मोहम्मद सालाह यांना घ्यावे म्हणून एडवर्ड्स आणि त्यांचे शोधपथक आपल्या मागे लागले होते, असे क्लॉप यांनी स्वतः सांगितले आहे. बैल दुसऱ्याने पारखला म्हणून धुरकऱ्याचा मान कमी होत नाही. मात्र बैल जुवाला जुंपण्यापूर्वी धुरकऱ्याला तो पाहू द्यायला हवा, आणि त्याने नाही म्हटले तर काय करायचे, ते करारात लिहिलेले असायला हवे.

फळ्यावर आता असे लिहावे : 'फुटबॉल क्लबांनी मॅनेजरच्या जोडीला संघबांधणी प्रमुख नेमावा का?' आणि त्याखाली लहान अक्षरांत, 'मॅनेजर म्हणजे सराव घेणारा व संघ निवडणारा; संघबांधणी प्रमुख म्हणजे खेळाडू शोधून त्यांचे करार करणारा.'