इस्तंबूल जाहीरनाम्याने किडनीचा बाजार खरंच थांबला का?

पूर्ण थांबला नाही, पण बराच आवळला गेला. एप्रिल-मे २००८ मध्ये ७८ देशांतले दीडशेहून जास्त डॉक्टर आणि जाणकार इस्तंबूलला जमले आणि अवयवांची खरेदी-विक्री निषिद्ध ठरवली. जाहीरनामा म्हणजे कायदा नव्हे. खरा फरक पडला तो देशांनी पैशाची वाट अडवल्यावर.

इस्रायलचंच घ्या. तिथले रुग्ण परदेशात जाऊन विकतची किडनी बसवायचे आणि बिल चक्क विमा कंपन्या भरायच्या! २००८ च्या कायद्याने अशा बेकायदा शस्त्रक्रियांचे पैसे देणं बंद केलं. बाहेर जाणारे २००६ मध्ये १५५ होते, २०११ मध्ये ३५ उरले. सोबत दात्याची बुडालेली कमाई भरून द्यायला सुरुवात केली. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण नुसती बंदी घातली की दलाल दुसरा देश शोधतात.

आपल्याकडे परदेशी रुग्णाला जिवंत भारतीय दात्याची किडनी फक्त जवळचं नातं असेल तरच मिळते, तीही प्राधिकार समितीच्या, म्हणजे अशा प्रत्यारोपणांना मंजुरी देणाऱ्या अधिकृत समितीच्या, पूर्वपरवानगीने. नात्याची कागदपत्रं खोटी बनवता येतात, म्हणून दूतावासांनी ती नीट तपासायलाच हवीत. आणि मेंदूमृत व्यक्तींचं अवयवदान वाढलं नाही, तर गरिबाच्या पोटावरचा व्रण वाढतच राहणार.