ह्यूस्टनमध्ये हरिकेननंतर पाणी शिरलेली घरं साफ करायला जायचंय, तयारी काय करू?

आधी एक: गाडी काढून परस्पर जाऊ नका. पूरग्रस्त लोक क्रायसिस क्लीनअप या मदतकामाची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या हॉटलाइनवर काम नोंदवतात आणि टीम रुबिकॉनसारख्या स्वयंसेवी संस्था तिथून घरं हाती घेतात. अशा एखाद्या संस्थेत नाव द्या. आपल्या भारतीय मंडळींबरोबर जायचं असेल तर सेवा इंटरनॅशनल या मदतसंस्थेचं कार्यालय ह्यूस्टनातच आहे. रोज हजेरीच्या कागदावर आल्या-गेल्याची वेळ लिहा. कंटाळवाणं वाटतं, पण पात्र कामावरचे हे तास स्थानिक सरकारला फेमाकडे (केंद्र सरकारची आपत्ती-मदत यंत्रणा) खर्चातल्या स्वतःच्या वाट्यात धरून दाखवता येतात.

एन-९५ मास्क, गॉगल, जाड हातमोजे, पक्क्या तळाचे बूट. धनुर्वाताचं इंजेक्शन १० वर्षांपेक्षा जुनं असेल तर घेऊन टाका.

घरात शिरल्यावर काही उचलायच्या आधी फोटो. भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेला मोजपट्टी लावून एक, उपकरणांच्या नंबरपट्टीचे वेगळे. कार्पेटचा छोटा तुकडा पिशवीत राखून ठेवा, विमेवाला मागतो. फ्रिज उघडायचा नाही. डक्ट टेपने गुंडाळून तसाच बाहेर. भिजलेले फोटो अल्बम घरमालकाला विचारल्याशिवाय ढिगात टाकू नका. पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवले की बुरशी थांबते, सोडवायचं काम मग सावकाश करता येतं.

खरी मेहनत शीटरॉकची, म्हणजे भिंतीला लावलेल्या जिप्समच्या शीटची. पाणी दीड फूटच चढलेलं असलं तरी भिंत बहुधा चार फुटांवर कापतात. जिप्सम आणि मागचं इन्सुलेशन (भिंतीत भरलेला उष्णतारोधक थर) पाणी वर ओढतं, शिवाय नवी शीट चार फूट रुंद येते, आडवी लावली की नेमकी बसते. खडूच्या दोरीने रेघ मारा, मगच कापा. शीट साधारण अर्धा इंच जाड असते. करवतीचं पातं त्याहून खोल गेलं की मागच्या वायरी आणि पाइप धोक्यात, त्यामुळे वीज आधीच बंद हवी. नवखे लोक हातोडा घालत सुटतात, रेघेच्या वरचीही शीट फुटते आणि दुरुस्तीचं काम दुप्पट होतं. उरलेला प्रत्येक स्क्रू आणि खिळा काढा, नाहीतर नवी शीट सपाट बसत नाही. घर १९७८च्या आधीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं. कापण्याआधी टीमप्रमुखाला विचारा.

ब्लीचवर लोकांचा फार भरवसा. भिंतीच्या लाकडी सांगाड्यात ते खोल जात नाही, त्यातलं पाणी मात्र मुरतं. माझं मत साबणाचं पाणी आणि तारेच्या ब्रशला. ब्लीच वापरलंच तर गॅलनभर पाण्यात एक कपच, आणि अमोनियाशी कधीच मिसळू नका. नंतर पंखे, डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढणारं यंत्र). लाकडाला लावलेला ओलावा-मीटर १५ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत नवी शीट लावून भिंत बंद करायची नाही. घाईने बंद केलेली भिंत आतून काळी पडते आणि पुन्हा फोडावी लागते.

रस्त्याच्या कडेला ढीग लावताना बांधकामाचा राडारोडा, उपकरणं, रंग-रसायनं वेगवेगळी. पाण्याच्या मीटरवर किंवा विजेच्या तारांखाली ढीग नको, तिथे उचलणाऱ्या ट्रकचा पंजा चालत नाही.

पहिल्या दोन शनिवार-रविवारी माणसं गर्दी करतात. शीटरॉक लावायला, सांधे भरायला हात लागतात ते काही महिन्यांनी. सुट्टी थोडीच असेल तर तेव्हासाठी राखा.