घरी टीपीएन (शिरेतून दिलं जाणारं पोषण) चालू असलेल्या पेशंटचं नीट चाललंय की नाही, हे कसं ओळखायचं?

वडिलांना घरी टीपीएन सुरू झालंय, तर वजन आणि महिन्याचे रक्ताचे रिपोर्ट एवढं पाहिलं की पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही पुरत. वजन तर फसवंच. एका रात्रीत किलोभर वाढलं तर ते अंगाला लागलेलं नसतं, पाणी साठलेलं असतं. रोजच्या रोज लिहायला हवं, आणि ते घरच्यांनीच. हॉस्पिटलला तुमचा माणूस फक्त ओपीडीच्या दिवशी दिसतो.

आम्ही कोपरखैरण्याला राहतो. आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली आणि ह्यांचं लहान आतडं जेमतेम 80 सेंमी उरलं. मोठं आतडं वाचलं, तेवढंच नशीब. छातीत हिकमन लाइन (मोठ्या शिरेत बसवलेली नळी), रात्री नऊ ते सकाळी सात टीपीएनची बॅग. हे वाशीच्या एपीएमसीत गाळ्यावर हिशेब लिहायचे, त्यामुळे वहीचे रकाने त्यांनीच रोजमेळासारखे आखून दिले: सकाळचं वजन, चोवीस तासांची लघवी (मापाच्या भांड्यात), जुलाब किती, बॅग लावण्याआधीचा ताप, लावल्यावर तासाभरातला ताप, लाइनच्या तोंडाशी लाली किंवा पू आहे का. आमचे धाकटे भाऊजी वही बघून सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, घराचं हॉस्पिटल करून टाकलंत. अशाने माणूस बरा व्हायचा राहील."

जुलैत एका रात्री बॅग सुरू करून पाऊण तास झाला असेल, हे हुडहुडी भरून कापायला लागले. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. ताप 102. नऊ वाजता वहीत 98.4 लिहिलेला. मी पंप थांबवला, क्लॅम्प लावला आणि हॉस्पिटलला फोन केला. पलीकडून सांगितलं, पावसाळा आहे, पॅरासिटामॉल द्या, सकाळी मलेरियाची टेस्ट करून घ्या. भाऊजी घरीच होते, त्यांचंही तेच, रात्री-अपरात्री कशाला धावायचं. मी कोणाचंच ऐकलं नाही, रिक्षा केली. कॅज्युअल्टीत पोचेपर्यंत ताप 99 वर उतरलेला, आणि तिथला तरुण डॉक्टर आम्हाला घरी पाठवायच्याच बेतात. मी वही उघडून त्याच्यापुढे ठेवली. आधीच्या सगळ्या पानांवर बॅगेआधीच्या आणि नंतरच्या तापात अर्ध्या डिग्रीचाही फरक नाही, आणि आज साडेतीनच्या वर. त्याने बोट ठेवून पानं उलटली, वरिष्ठांना फोन लावला आणि रक्त दोन ठिकाणांहून घेतलं, एक लाइनमधून, एक हातातून. लाइनमधलं कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघायची तपासणी) हातातल्यापेक्षा दोन तासांहून जास्त आधी पॉझिटिव्ह आलं. म्हणजे जंतू लाइनमध्येच होते. अँटिबायोटिक वेळेवर सुरू झालं, लाइनसुद्धा वाचली.

म्हणून ठाम सांगते: बॅग लावल्यावर थंडी वाजून ताप आला की लाइनचं इन्फेक्शन धरूनच चाला. मलेरिया जरूर तपासा, पण कल्चर घेतल्याशिवाय घरी येऊ नका.

हे इन्फेक्शन दर 1000 कॅथेटर-दिवसांमागे (लाइन अंगात असलेला एक दिवस म्हणजे एक कॅथेटर-दिवस) किती, असं मोजतात. 1000 दिवस म्हणजे एका पेशंटची जवळपास पावणेतीन वर्षं. चांगल्या केंद्रांत हा आकडा 1 च्या खाली असतो. तुमच्या हॉस्पिटलला त्यांचा आकडा स्पष्ट विचारा. "आमच्याकडे फारसं होत नाही" हे उत्तर नव्हे.

दुसरं, आठवड्याला बॅगा किती लागतात. उरलेलं आतडं साधारण पहिल्या दोन वर्षांत काम वाढवतं. ह्यांच्या बॅगा सातावरून पाचावर आल्या, आणि तो निर्णय डॉक्टरांनी वहीतलं वजन आणि लघवी बघूनच घेतला. बॅग नसलेल्या दोन रात्री लघवीसाठी सारखं उठावं लागत नाही, सलग झोप मिळते. झोप, बाहेर पडणं, काम, हेही लिहा. हे आता दुपारचे गाळ्यावर जातात, त्याची नोंद ते स्वतः करतात. माणूस बरा व्हायचा राहील म्हणणाऱ्यांनी ती पानं वाचावीत.

लिव्हर, मॅग्नेशियम, फॉस्फेट, व्हिटॅमिन डी हे डॉक्टर बघतीलच. मात्र जुने रिपोर्ट शेजारी ठेवून बघा, बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते) हळूहळू चढत असेल तर एकट्या कागदावर कळत नाही.

मी डॉक्टर नाही. वडिलांना स्टोमा (पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) असेल तर जुलाबांऐवजी पिशवीतलं मोजा. हार्ट किंवा किडनीचा त्रास असेल तर लघवी किती हवी हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, आमचा दिवसाला लिटरभर लघवीचा हिशेब तुम्हाला लागू पडेलच असं नाही. टीपीएन कॅन्सरमुळे असेल तर सगळेच आकडे वेगळे वाचावे लागतात.

आणि वहीला घरात कोणी नावं ठेवली तर वाद घालत बसू नका. त्यांना एक रात्र हात धुऊन, लाइनचं तोंड स्पिरिट स्वॅबने पंधरा सेकंद घासून, तुमच्या देखरेखीखाली बॅग लावायला सांगा आणि तासाभराने थर्मामीटरही त्यांच्याच हातात द्या.