प्रो मेन्स स्क्वॉशमध्ये बॉल एवढा उसळतो कसा? पुण्यात आमचा डबल यलो डॉट (दोन पिवळे ठिपके असलेला बॉल) तर मेल्यासारखा पडतो

बॉल तोच असतो, फरक फक्त तो किती तापलाय याचा. पीएसएच्या (प्रोफेशनल स्क्वॉश असोसिएशनच्या) मॅचेस डबल यलो डॉटनेच होतात, तो नेहमीच्या बॉलमध्ये सगळ्यात स्लो, म्हणजे सगळ्यात कमी उसळणारा, रबर आणि आतली हवा गरम झाली की मगच नीट उठतो, आणि ते लोक इतकं जोरात आणि सलग मारतात की त्याला गार व्हायला वेळच मिळत नाही. आपली रॅली दोन शॉटची, मग बॉल आणायला कोपऱ्यात, तेवढ्यात थंड! क्लबात कोर्टवर काम करताना हे रोज बघतो. सिंगल यलो (एकच पिवळा ठिपका, जरा जास्त उसळतो) घ्या, अगदी नवीन असाल तर रेड (लाल ठिपका, त्याहून जास्त उसळतो), त्यात कसला आलाय कमीपणा. मे महिन्यात दुपारी डबल यलोही बऱ्यापैकी चालतो, डिसेंबरात सकाळी सहाला मात्र नादच सोडा.